पडून राहण्याचे धैर्य

धीट माणसाचे आपल्याला फार कौतुक. लहानपणापासून आपण ज्या शूरांच्या गोष्टी ऐकतो ते सगळे काहीतरी करणारे असतात. कोणी दोर लावून कडा चढतो, कोणी पुरात उडी टाकतो, कोणी भर दरबारात उभा राहून राजाला खरे ऐकवतो. भीती म्हणजे अंगातली हालचाल थांबवणारी वस्तू आणि धैर्य म्हणजे तिला न जुमानता पुढे टाकलेले पाऊल, असे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. शाळेत तीस वर्षे मराठी शिकवताना मीही 'शौर्य' या विषयावर मुलांकडून शेकडो निबंध लिहून घेतले. त्यांतल्या एकाही निबंधात शूर माणूस आडवा पडलेला नव्हता.

पण माणसाच्या आयुष्यात असाही एक प्रसंग येतो की ज्यात त्याने काहीच करायचे नसते. अंगावरचे दागिने उतरवून ठेवायचे, बांधावयाच्या नाड्या पाठीमागे असलेला एक झगा घालायचा, चाकांच्या खाटेवर पाठ टेकायची आणि आपली शुद्ध दुसऱ्याच्या स्वाधीन करायची. ज्याच्या हातात चाकू आहे त्याला करण्यासारखे पुष्कळ असते. ज्याच्या अंगावर तो चालणार त्याला काहीच नसते. मग या माणसाच्या बाबतीत धैर्य या शब्दाला काय अर्थ उरतो? आणि त्याला भीती वाटली तर तो त्याचा दोष धरायचा का?

हा प्रश्न मला पुस्तक वाचताना पडलेला नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. सुईने काढलेल्या तुकड्याचा अहवाल हाती आला त्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत मध्ये अकरा दिवस होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलाचे मला दर्शनदेखील झाले नव्हते. त्या अकरा दिवसांत मनात जे आले, आणि पुढे हात बरा होईपर्यंत बसल्या बसल्या जे वाचले, त्यातले काही येथे मांडते.

आधी थोडे भाषेबद्दल. मास्तरीण आहे, सवय सुटत नाही. 'मी भिते' असे मराठीत म्हणता येते, पण ते पालीला, कुत्र्याला, फार तर मुख्याध्यापकांना. मोठ्या भीतीच्या वेळी आपण 'मला भीती वाटते' असे म्हणतो. या वाक्यात 'मी' कर्ता नाही. कर्ता भीती आहे. तहान लागते, झोप येते, तशी भीती वाटते. निदान व्याकरणाने तरी माणसाला निर्दोष सोडून दिले आहे. धीराचे तसे नाही. धीर धरावा लागतो, तो सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे तो एकाला दुसऱ्याला देता येतो. जणू पाण्याचा तांब्याच. आपल्या देवळांतल्या मूर्तींचा एक हात तळवा समोर करून वर उचललेला असतो, त्याला आपण अभयाचा हात म्हणतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची जी मोठी यादी आहे तिच्यात पहिले नाव अभयाचे आहे हे खरे. पण सामान्य माणसाला अभय हा स्वतःचा गुण म्हणून फारसा ओळखीचा नाही. त्याला तो वर उचललेला हात ओळखीचा आहे. अभय कोणीतरी द्यायचे असते अशीच त्याची समजूत आहे, आणि ती चुकीची आहे असे मला वाटत नाही.

आता माझी भीती नेमकी कशाची होती ते सांगते. मरणाची होती असे म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते, पण ते पुरते खरे नव्हते. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्यूरस याने मरणाच्या भीतीवर एक युक्तिवाद करून ठेवला आहे: आपण असतो तोवर मरण नसते, आणि मरण येते तेव्हा आपण नसतो, मग त्याला भ्यायचे कोणी? युक्तिवाद बिनतोड आहे. तो मी पूर्वी कितीदा तरी इतरांना ऐकवला होता. त्या अकरा दिवसांत मात्र त्याचा मला काडीइतकाही उपयोग झाला नाही, कारण माझी भीती मरणानंतरच्या अवस्थेची नव्हतीच. ती येत्या गुरुवारच्या सकाळची होती. एपिक्यूरसचा हा युक्तिवाद गुरुवारबद्दल काही बोलत नाही. त्याचे स्वतःचे शेवटचे दिवस मूतखड्याच्या वेदनेत गेले, आणि त्या अखेरच्या दिवशी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने युक्तिवादाचा आधार घेतला नाही. पूर्वी मित्रांशी झालेल्या संभाषणांच्या आठवणी मी या वेदनेसमोर उभ्या केल्या आहेत, अशा अर्थाचे काही लिहिले. तर्कापेक्षा ते पत्र मला अधिक जवळचे वाटते.

भीती एकसंध नसते. दुरून ती एका काळ्या ढगासारखी दिसते. जवळ गेले की तिच्यात लहान लहान पुष्कळ वस्तू सापडतात. मी भूल उतरताना काही भलतेच बोलून बसेन ही एक भीती होती. आमच्या यजमानांच्या रक्तदाबाच्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या मी नसले की अदलाबदल होतील ही दुसरी. काखेतल्या गाठींत रोग उतरला आहे की नाही हे शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासून ठरणार होते. म्हणजे मी जागी होईन तेव्हा माझ्याविषयीची सर्वांत महत्त्वाची बातमी खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असेल आणि मलाच नसेल, ही तिसरी. आणि या सगळ्यांच्या तळाशी माझी आत्या होती.

आत्याला हाच रोग झाला तो १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. साताऱ्याहून तिला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेले. हे रुग्णालय १९४१ साली उघडले. कर्करोग म्हटला की साऱ्या महाराष्ट्राने परळची वाट धरायची, असा तो काळ. आत्याला काय झाले आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. आत्याला कोणी सांगितले नव्हते. 'गाठ आहे, काढून टाकली की झाले,' एवढेच. ती परत आली ती एका बाजूने सपाट होऊन. तिचा उजवा हात पुढे कायमचा सुजून राहिला; त्या हातात बांगडी चढली नाही. ती आणखी चौदा वर्षे जगली, पण त्या चौदा वर्षांत रोगाचे नाव तिने एकदाही घेतले नाही, आणि तिच्यापुढे इतर कोणीही घेतले नाही. ती अज्ञानात होती असे मात्र मला वाटत नाही. परळच्या त्या आवारात चार दिवस राहून कोणाला काय कळायचे राहील? घर तिच्यापुढे नाटक करीत होते आणि ती घरापुढे. दोन्ही बाजू एकमेकींचा धीर सुटू नये म्हणून एकमेकींपासून धीर लपवून ठेवीत होत्या.

त्या काळी हे सर्वत्रच चाले. १९६१ साली अमेरिकेत शिकागो येथील डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कर्करोग झाल्याचे रोग्याला सांगू नये असा कल ९० टक्के डॉक्टरांचा होता. १९७९ साली तशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगावे या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एखाद्या व्यवसायाची नीती इतकी पालटावी हे नवल आहे. मानवी स्वभाव काही अठरा वर्षांत पालटत नाही. मधल्या काळात उपचार सुधारले, सांगण्यासारखे काही हाती आले, हे एक कारण असावे. माणसाला जेव्हा केवळ शिक्षा ऐकवायची असते तेव्हा तोंड उघडत नाही.

शस्त्रक्रियाही पालटली होती. अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड याने १८८२ पासून जी पद्धत रूढ केली तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळेच काढून टाकीत. जितके अधिक कापावे तितका रोग दूर जाईल असा हिशेब होता, आणि जवळजवळ एक शतकभर तो कोणी नीट तपासून पाहिला नाही. १९७६ साली बर्नार्ड फिशर आणि त्याचे सहकारी यांनी तो तपासायला घेतला. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली आले: रोग लवकर सापडला असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया आणि सगळा स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. माझ्या शल्यविशारदांनी मला कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा मला कळले की मी अकरा दिवस ज्या शस्त्रक्रियेला भीत होते ती माझी नव्हतीच. ती १९७२ सालची होती. घरातली भांडी, दागिने जसे वारशाने येतात तशा भीत्याही येतात. आणि भांड्यांना निदान कल्हई तरी लावतात.

म्हणून मी सांगावे या पक्षाची आहे. कळलेल्या भीतीला काठ असतात. न कळलेली सगळीकडे पसरते. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही माणसांना खरोखरीच जाणून घ्यायचे नसते, आणि न जाणण्याचा त्यांचा हक्क जाणण्याच्या हक्काइतकाच मोठा आहे. मग करावे काय? रोग्यालाच विचारावे. 'तुम्हाला किती सांगू?' हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो टाळण्यासाठी आमच्या घराने चौदा वर्षे खर्च केली.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. ही सगळी प्रेमाची माणसे. फळे, पुस्तके, अंगारे घेऊन आली. पण प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य होते: 'पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर ठेवलंत की अर्धा आजार बरा.' हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. मन खंबीर ठेवले तर अर्धा आजार बरा होत असेल, तर खंबीर नाही राहिले तर? रोग परतला तर तो रोग्याच्या मनाच्या दुबळेपणामुळे परतला असे ठरते. आधी रोग, वर भीती, आणि आता त्या भीतीचा अपराधही! सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने स्वतः स्तनाच्या कर्करोगातून जात असताना रोगावर चिकटवलेल्या अशा कल्पनांविरुद्ध १९७८ साली एक पुस्तक लिहिले, ते मला पुढे वाचायला मिळाले. आधी मिळते तर काही पाहुण्यांना वाचायला दिले असते. २००७ साली डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोण मनाने किती प्रसन्न होते आणि कोण किती जगले यांचा परस्परांशी काही संबंध आढळला नाही. हे वाचून कोणी खिन्न होईल. मला तर केवढी मोकळीक वाटली. माझ्या गाठीने माझे मन वाचायचे कारण नव्हते. मी भ्यायले तरी तिला त्याचे सोयरसुतक नव्हते.

मग भिणे हा दोष नाही, हे ठरले. अ‍ॅरिस्टॉटलने धैर्याचा विचार करताना असे म्हटले आहे की ज्याला भूकंपाची आणि समुद्राच्या लाटांचीही भीती वाटत नाही तो शूर नव्हे. तो वेडा तरी असला पाहिजे किंवा संवेदनाच हरवलेला. आपल्याकडे सुश्रुताने तर या बाबतीत फारच समंजस वाटणी केली आहे. शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याच्या अंगी काय काय हवे हे सांगताना त्याने शौर्य, कामाची चपळाई, शस्त्राची धार यांच्याबरोबर हाताला घाम न फुटणे आणि हात न थरथरणे यांचीही गणना केली. रोग्याने थरथरू नये असे तो म्हणत नाही. रोग्याला आधी जेवू घालावे आणि पिणारा असेल त्याला कडक मद्य द्यावे, एवढेच सांगतो. (आज जेवण आणि मद्य दोन्ही वर्ज्य, मध्यरात्रीनंतर अन्नाचा कण पोटात जाता कामा नये.) धैर्याची सक्ती वैद्यावर, रोग्यावर दया. दोन हजार वर्षांच्या सुमाराचे हे शहाणपण आपण कुठे हरवले कोण जाणे.

या थरथरीवरून पुण्यातलीच एक हकीकत आठवते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ते तेव्हा येरवड्याचे कैदी होते. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. आपला डॉक्टरांवर विश्वास आहे अशा आशयाचे निवेदन गांधीजींनी सांगितले आणि श्रीनिवास शास्त्री यांनी ते लिहून घेतले. सही करताना गांधीजींचा हात इतका कापत होता की नावातल्या शेवटच्या इंग्रजी अक्षरावरचे टिंब द्यायचे राहून गेले. स्वतः गांधीजींनीच डॉक्टरांना तो कापरा हात दाखवून, हे तुम्हाला ठीक करावे लागेल, असे काहीसे म्हटले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मला त्या टिंबाचे अगत्य अधिक आहे. हात तापाने कापत होता, अशक्तपणाने की आणखी कशाने, हे ठरवण्याचे मला कारण नाही. त्यांनी तो लपवला नाही, एवढे मला पुरते.

आता पुन्हा एकदा भाषेकडे वळते. मराठीत 'काळजी' हा एक विलक्षण शब्द आहे. काळजी 'करायची' असते तेव्हा तो मनाला पोखरणारा किडा असतो. काळजी 'घ्यायची' असते तेव्हा तीच वस्तू पांघरूण, औषध, वेळेवर दिलेला चहा होते. निरोप घेताना माणसे एकाच श्वासात दोन्ही बोलून जातात: 'काळजी करू नका, काळजी घ्या.' किती वर्षे हे वाक्य ऐकले, पण त्या अकरा दिवसांतच मला त्यातली युक्ती कळली. भीती जाळून टाकता येत नाही. तिला कामाला लावता येते.

हे मला कोणी तत्त्वज्ञाने शिकवले नाही; माझ्या आईने शिकवले. ती तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती, साताऱ्याला थोरल्या भावाकडे. 'आईला सांगायचं नाही' असे भावाने ठरवूनच टाकले होते. मी आत्याची आठवण दिली, तेव्हा तो गप्प बसला. मग मीच जाऊन सांगितले, रोगाचे नाव घेऊन. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'डावी बाजू ना? मग महिनाभर तरी हात वर व्हायचा नाही तुझा. वेणी कोण घालणार?' मला उत्तर सुचेना. ती म्हणाली, 'मी येते पुण्याला.' सगळे संभाषण एवढेच. जे जे मला खंबीर राहायला सांगून गेले त्यांतल्या कोणालाही वेणी सुचली नव्हती.

रुग्णालयातही मला हेच दिसले. सकाळपासून जो येई तो विचारी: नाव काय? कोणती बाजू? कोणत्या औषधाची बाधा आहे का? परिचारिकेने विचारले, भूल देणाऱ्या बाईंनी विचारले आणि दात हलतात का तेही पाहिले, शल्यविशारदांनी विचारले आणि वर शाईच्या पेनाने डाव्या बाजूवर खूण केली. चौथ्यांदा विचारले तेव्हा मी थोडी वैतागले. माझे नाव इतक्यात बदलायचे काय कारण? पण मग कळले की ही विस्मरणाची नव्हे, भीतीची भाषा आहे. चुकीच्या माणसावर, चुकीच्या बाजूला चाकू चालेल ही भीती त्यांनाही असते. त्यांनी तिचे प्रश्न करून ठेवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक पडताळणी यादी तयार केली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ होते ते ०.८ वर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. बोलून दाखवलेली आणि क्रमाने मांडलेली काळजी. पाचव्यांदा नाव विचारले तेव्हा मी ते आनंदाने सांगितले.

फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्त्रीची हकीकत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिच्या घरीच तिचा उजवा स्तन कर्करोग समजून काढण्यात आला. नेपोलियनचा प्रसिद्ध शल्यविशारद लारे याने ते काम केले. भूल नावाची वस्तू तेव्हा नव्हती. बोस्टनला मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला तो १६ ऑक्टोबर १८४६ चा. फॅनीने नवऱ्याला मुद्दाम कामावर अडकवून घराबाहेर ठेवले होते. डॉक्टरांची वेळ दुपारी तीनपर्यंत लांबली. ती वाट पाहत फिरत होती, तेव्हा एका खोलीत मांडून ठेवलेल्या पट्ट्यांचा, बोळ्यांचा आणि स्पंजांचा ढीग तिच्या दृष्टीस पडला. ती येरझाऱ्या घालू लागली, मन पार बधिर होईपर्यंत. काही विपरीत झाले तर म्हणून नवऱ्याला आणि मुलाला चार ओळी लिहून ठेवल्या. मग काळ्या कपड्यांतली सात माणसे न विचारता आत आली. पुढची वीस मिनिटे ती सगळा वेळ शुद्धीवर नसली तरी बरीचशी होती. बहिणीला तिने हे सारे कळवले ते सहा महिन्यांनी लिहायला घेऊन, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे तिला धैर्य झाले नाही. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली.

हे वाचून मला आधी वाटले, आपली भीती हिच्यापुढे किती पोरकट! पण दुःखाची अशी तुलना कोणाच्याही कामाची नसते. तिची आणि माझी भीती जातीने निराळ्या आहेत. तिला त्या खोलीत हजर राहावे लागणार याची भीती होती. मला गैरहजर राहावे लागणार याची. भुलीने वेदना घेतली आणि त्या जागी हे एक विचित्र पोकळ भय ठेवले: माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या घटनेला मीच नसणार. तीन तास माझे शरीर इतरांचे असेल, आणि त्या तीन तासांची मला आठवणही उरणार नाही. झोपेत आपण रोज गैरहजर असतो, पण ती गैरहजेरी आपली आपण घेतलेली असते. ही सही करून द्यायची. संमतिपत्रावर मी सही केली तेव्हा मला वाटले, धैर्य ते हेच असावे, फार झाले तर. दुसऱ्याच्या हाताला न घाबरता नव्हे, घाबरत घाबरतच, आपला हात सोडून देणे. त्यात कोणाला दिसण्यासारखे काही नाही. त्यावर मुलांना निबंध लिहिता येणार नाही.

आदल्या रात्री माझ्या शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यातली एक बाई होती. तिचे गालाचे दुखणे होते, मिसरीपायी झालेले. तिची शस्त्रक्रिया माझ्यानंतर. येताना तिने म्हैस जावेच्या हवाली केली होती आणि तिचा जीव सारा त्या म्हशीत होता. सरकारी योजनेचा कागद मंजूर होऊन आला नसता तर ती आलीच नसती. माझ्यासारखी भीतीची चिरफाड करीत बसायला तिला फुरसत नव्हती; पैसा, मुक्काम, म्हैस यांतून वेळ उरेल तेव्हा भ्यायचे. परळच्या पदपथांवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी शेकडो माणसे मी पुढे पाहिली, आणि आपले हे सगळे चिंतन किती सुखवस्तू आहे याची लाज नसली तरी जाणीव झाली.

रात्री दिवे मालवल्यावर ती उठून बसली आणि मोठ्याने रडू लागली. कसला संकोच नाही, पदराचा बोळा तोंडात कोंबणे नाही. परिचारिका येऊन 'शांत व्हा मावशी' म्हणून गेली. थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळली.

'बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. तुम्हाला भेव न्हाई वाटत का?'

अकरा दिवसांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. सगळ्यांनी उत्तरच आणून दिले होते.

'वाटतं की,' मी म्हटले. 'फार वाटतं.'

'खरंच?'

'सकाळपासून हात गार पडलेत.'

तिने वाकून खरोखरच माझा हात चाचपून पाहिला. 'गारच हायेत की वो,' ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क समाधान होते. 'मला वाटलं, या वार्डात मी येकलीच भित्री.' मग आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरू लागली. मला झोपेची गोळी दिली होती. तिला ती लागली नाही.

'वाटणे' या क्रियापदाचा दुसरा अर्थ मला तेव्हा आठवला, आणि अंधारात हसू आले.

माझ्या काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. केमोथेरपी लागली नाही. किरणोपचार झाले, गोळ्या अजून चालू आहेत. त्या बाईची शस्त्रक्रियाही पार पडली. तोंड बांधलेले, नाकातून नळी. बोलता येत नव्हते. मी घरी निघाले तेव्हा तिने हात पुढे केला, तपासायला. माझा हात या वेळी गरम होता.

आई ठरल्याप्रमाणे आली आणि सहा आठवडे राहिली. रोज सकाळी मी खाली पाटावर बसे आणि ती खुर्चीवर. तिच्या हातांना आता कंप आहे. तीन पेड जुळवताना एक निसटतो, मग ती पहिल्यापासून सुरुवात करते. वेणी सैल पडे. दुपारी बारापर्यंत ती सुटलेली असे, आणि आई म्हणे, 'आण इकडे, पुन्हा घालते.'